ओढ्यात सापडलेला शेष

दगडानं श्वास घेतला, तेव्हा मांडवातली दोन-अडीचशे माणसं एकदम गप्प झाली.

काचेच्या मोठ्या वाडग्यात तो तळहाताएवढा दगड तीर्थात बुडवून ठेवला होता. साप वेटोळं घालून बसावा तसा त्याचा आकार, अंगावर आडवे कंगोरे, पाठीला चंदनाचा जाड लेप. नागनाथगुरुजींनी चांदीच्या झारीतून धार सोडली, आणि दोन पळांत वेटोळ्याच्या कडेकडेनं बुडबुडे निघायला लागले. आधी खसखशीएवढे, मग मोहरीएवढे, मग माळेसारखे सरळ वर.

"नोडी! पाहा! देखो!" गुरुजी माईकवर ओरडले. "कानडीवाल्यांनी नोडी, मराठीवाल्यांनी पाहा, हिंदीवाल्यांनी देखो. आदिशेषाला भाषा नाही! पृथ्वी डोक्यावर घेऊन दमला, आणि विसाव्याला कुठं आला? येलहंकाच्या ओढ्यात!"

शंख फुंकला गेला. बायकांनी हात जोडले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पळीभर तीर्थ तोंडात घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "गुरुजी, आंबट लागतंय हो."

"आजोबा, तुमच्या रक्तात काय झालंय?"

"शुगर."

"शुगर म्हणजे गोड. गोडाचा वैरी कोण? आंबट! सायंटिस्ट लोक शंभर वर्षं मशिनं लावून शोधतायत. शेषानं दोन थेंबांत सांगितलं. ही क्वांटम स्पंदनं आहेत, आजोबा. यात साइड इफेक्ट नाही, फक्त इफेक्ट!"

लोक हसले, आणि हसता हसता रांगेत उभे राहिले.

मांडवाच्या मागच्या खांबाशी अनुसूयाबाई उभ्या होत्या. वय चौसष्ट. एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मुलांना दगड ओळखायला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि बेंगळुरूला जे. पी. नगरात एकट्याच राहत होत्या. आज भावाच्या आग्रहाखातर दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंकाला आल्या होत्या. "अक्का, तू येच," रघुपती फोनवर म्हणाला होता. "दगडांतलं तुला कळतं. आणि तो मला सापडलाय, मला!"

त्यांच्या शेजारी एक तरुणी मोबाइल उंच धरून उभी होती. ती रघुपतीची वरच्या मजल्यावरची भाडेकरू, स्मिता. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, व्हाइटफील्डला कुठल्याशा कंपनीत. तिच्या मोबाइलमधलं चित्र मांडवातल्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं.

"काकू, लिटरली ब्रीद करतोय हो तो!" ती कुजबुजली. "मी खरं तर असलं काही मानत नाही. पण हे डोळ्यांसमोर दिसतंय ना!"

अनुसूयाबाईंना ते बुडबुडे चांगले ओळखीचे होते. दरवर्षी पहिल्या वर्षाची मुलं आली की पहिल्याच आठवड्यात त्या चुनखडीच्या दगडावर सौम्य आम्लाचा थेंब टाकून दाखवायच्या. दगड फसफसायचा, मुलं पुढं वाकायची. दिसतं ते खरंच असतं. आपण त्याला नाव काय देतो, तिथं घोटाळा होतो.

रघुपतीच्या घरी गेल्यावर त्यानं सारी हकिकत सांगितली. तो रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होता, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. त्यानं 'लाइन मोकळी' म्हटलं की लाइन मोकळीच असायची. उभ्या गल्लीत त्याच्या शब्दाला तशीच किंमत होती. रोज पहाटे तो तळ्याकडे जाणाऱ्या ओढ्याच्या काठानं फिरायला जायचा. महिन्यापूर्वी जोराचा पाऊस होऊन ओढा फुगला आणि ओसरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, पुलाखालच्या वाळूत, पाण्याच्या कडेला हे वेटोळं त्याला दिसलं.

"मी उचललं आणि वळतो तर मागं गुरुजी. तिथंच स्नान करत होते. मला म्हणाले, रघुपतीअण्णा, गेले सात दिवस मला स्वप्न पडतंय, शेष कुणातरी सत्यवचनी माणसाच्या हाताला लागणार आहे म्हणून. माझ्या अंगावर काटा आला, अक्का."

"रघू, तो शंख आहे. शंखाचा दगड झालेला. त्याला अमोनाइट म्हणतात. दहा कोटी वर्षांपूर्वी असले प्राणी समुद्रात होते. मेले, गाळात रुतले, कवचात चुना भरला, त्याचा दगड झाला."

"बरं मग? समुद्रमंथनातलाच म्हणायचा."

"पण इथं कसा येईल तो? लालबागेतला तो मोठा खडक पाहिलायस ना? तोच खडक आपल्या पायाखाली सगळीकडे आहे. तीनशे कोटी वर्षांचा. तो झाला तेव्हा शंखशिंपल्याचा प्राणी पृथ्वीवर जन्मलासुद्धा नव्हता. बेंगळुरूच्या ओढ्यात हा दगड आपणहून येणं शक्य नाही. तमिळनाडूत अरियलूरकडे असले शंख सापडतात. तिथून तीनशे किलोमीटर चालत आला का हा? आणि ओढ्यात गडगडला असता तर कंगोरे झिजले नसते?"

रघुपतीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तू खोटं बोलत नाहीस."

"मी स्वतः उचललाय. या हातानं."

मग तो तिथं ठेवला कुणी, हा पुढचा प्रश्न अनुसूयाबाईंच्या ओठावर आला होता. त्यांनी तो गिळला. बायको गेल्यापासून सहा वर्षांत भावाच्या चेहऱ्यावर असा उजेड त्यांनी पाहिला नव्हता. लोक त्याच्या पाया पडत होते. असू दे, त्यांना वाटलं. पळीभर आंबट पाणी. कुणाचं काय बिघडतंय?

हर्षिता कॉफी घेऊन आली. रघुपतीची एकुलती एक मुलगी, सव्वीस वर्षांची, एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. नवव्या वर्षी तिला मधुमेह झाला होता. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, तो मधुमेह. सतरा वर्षं ती दिवसातून चार वेळा सुई टोचून घेत होती. या सुईपायी तीन स्थळं परत गेली होती. चौथं आता बोलणी करत होतं, आणि त्यांना अजून काही सांगितलं नव्हतं.

"बारीक झालीस गं," अनुसूयाबाई म्हणाल्या. "इन्सुलिन व्यवस्थित चाललंय ना?"

"स्वल्प कमी केलंय, आत्या. डॉक्टरांना विचारून. चालू आहे."

हे सांगताना तिनं कपबशा उचलायला घेतल्या. आत्याकडे पाहिलं नाही. अनुसूयाबाईंच्या ते लक्षात आलं. पण बस गाठायची होती, भाऊ आधीच दुखावला होता, आणि मुलगी सव्वीस वर्षांची होती. त्या उठल्या आणि निघाल्या. पुढं कितीतरी महिने त्यांना त्या कपबशांचा आवाज ऐकू येत राहिला.

नवव्या दिवशी, सोमवारी दुपारी, रघुपतीचा फोन आला. आवाजात भीतीही होती आणि एक विचित्र आनंदही.

"अक्का, हर्षिताला कालपासून उलट्या होतायत. गुरुजी म्हणतात, सतरा वर्षांचं विष बाहेर पडतंय. आज निजून आहे. श्वास अगदी खोल खोल घेते, तोंडाला वास येतोय पिकलेल्या सफरचंदासारखा. गुरुजी म्हणाले, अमृत मुरतंय."

अनुसूयाबाई खाटेवर बसल्या. हा वास त्यांना माहीत होता. नऊ वर्षांच्या हर्षिताला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं, तेव्हा वहिनीबरोबर त्याच होत्या. तिथल्या डॉक्टरनं त्यांना मुद्दाम वाकून तो वास घ्यायला लावला होता. इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही, ते चरबी जाळायला लागतं, रक्त आम्ल होतं आणि श्वासाला असा फळांचा वास येतो. पुन्हा कधी असा वास आला तर एक मिनिट थांबू नका, असं त्यानं बजावलं होतं.

"रघू, इन्सुलिन बंद केलंय का?"

तो पुन्हा सफरचंदाच्या वासाचंच सांगू लागला.

"रघू!"

"गुरुवारपासून. सुई आणि शेष एका देहात राहत नाहीत, म्हणाले."

"अँब्युलन्स बोलाव. आत्ता. मी येईपर्यंत थांबू नकोस. ऐकतोस ना?"

"सरी, अक्का, सरी, बोलावतो," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला. मग त्यानं फोन केला तो गुरुजींना.

जे. पी. नगरातून येलहंकाला पोचायला रिक्षाला पावणेदोन तास लागले. अनुसूयाबाई जिना चढून आत आल्या, तेव्हा गुरुजी हर्षिताच्या उशाशी बसून पळीनं तीर्थ पाजत होते. जिचं रक्त आधीच आम्ल झालं होतं, तिला वर आंबट पाणी. बहुतेक सगळं गालावरून उशीवर ओघळत होतं.

"या, माताजी. पाहा काय तेज आलंय—"

अनुसूयाबाईंनी त्यांच्या हातातली पळी हिसकून भिंतीवर मारली. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला. फ्रिजच्या दारात, जिथं सतरा वर्षं इन्सुलिनच्या बाटल्या असायच्या, तिथं तीर्थाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या.

"इन्सुलिन कुठंय?"

"विसर्जन केलं," रघुपती म्हणाला. "ओढ्यात. मीच."

स्मितानं वरून धावत येऊन अँब्युलन्स बोलावली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती सारखी म्हणत होती, "मला वाटलं तिला व्हायरल झालंय. मला वाटलं व्हायरल."

अँब्युलन्समध्ये हर्षितानं एकदा डोळे उघडले. ओठ सुकून फाटले होते. आत्याला पाहून तिला ओळख पटली. "आत्या," ती म्हणाली, "चार दिवस झाले. एकदाही टोचलं नाही." तिच्या सुरात तक्रार नव्हती. परीक्षेत पहिलं आल्याचं लहान मूल घरी येऊन सांगतं, तसं तिनं ते सांगितलं.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर सुप्रीता यांनी रघुपतीला बाहेर बोलावून सगळं स्पष्ट सांगितलं. रविवारी आणलं असतं तर चित्र वेगळं असतं. आज सकाळी आणलं असतं तरी आशा होती. आता मेंदूला सूज आहे, आम्ही प्रयत्न करतोय. रघुपतीनं दोन्ही हात जोडून विचारलं, "डॉक्टर, पण तो श्वास घेत होता. दगड. मी पाहिलंय." डॉक्टरांना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी अनुसूयाबाईंकडे पाहिलं. अनुसूयाबाईंनी मान खाली घातली.

बुधवारी पहाटे हर्षिता गेली.

त्यानंतर बरेच दिवस गल्लीतले लोक येऊन बसायचे, जायचे. कुणी म्हणायचं तिचं नशीब, कुणी म्हणायचं देवाला आवडली. अनुसूयाबाई भावाच्याच घरी राहिल्या होत्या. एका दुपारी त्यांनी फ्रिजमधली तीर्थाची एक बाटली उघडली, जिभेला थेंब लावला आणि वाटीत खायचा सोडा घेऊन त्यावर ओतला. सोडा फसकन वाटीबाहेर आला. लिंबूसत्व. कोणत्याही किराणा दुकानात मिळतं, ढोकळ्याला लागतं. मग त्यांनी अंगणात एक गोगलगायीचं रिकामं कवच पडलं होतं, ते त्या तीर्थात टाकलं. कवचातून बुडबुड्यांची माळ निघाली.

हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वाटी आणि सोडा त्या दिवशीही घरात होता. पाच मिनिटांचं काम होतं. भावाला वाईट वाटेल म्हणून त्यांनी ते केलं नव्हतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी रघुपती अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून दारात उभा राहिला. "मी मांडवात जातोय, अक्का."

"कशाला?"

"विचारायला. माझी पोरगी का गेली, ते त्यांनाच ठाऊक असणार."

अनुसूयाबाई पायांत चपला सरकवून त्याच्या मागून निघाल्या. वाटेत दुकानातून त्यांनी पाण्याची एक सीलबंद बाटली घेतली.

मांडव पूर्वीपेक्षा मोठा झाला होता. एका मुलीच्या मरणानं गर्दीला काही फरक पडला नव्हता. रघुपती थेट पुढं गेला. त्याला पाहून लोकांनी वाट दिली. गुरुजींनी माईक जवळ ओढला आणि आवाज ओला केला.

"या, रघुपतीअण्णा. भक्तहो, हे ते भाग्यवान. यांच्या लेकीला शेषानं आपल्या वेटोळ्यात घेतलं. मोठं पुण्य!"

"गुरुजी," रघुपती म्हणाला, "तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. मग ती का गेली?"

"अण्णा, श्रद्धा म्हणजे घागर. एक बारीक भेग असली तरी पाणी गळतं. माझ्या ध्यानात आलं होतं. मुलीनं चोरून सुई घेतली. शेष रागावला."

मांडवात हळहळीचा सुस्कारा उमटला. रघुपती हलला नाही. त्याचा आवाज मात्र बदलला. स्टेशनवर धोका दिसल्यावर माणूस ज्या आवाजात बोलतो, तसा झाला.

"नाही घेतली. बाटल्या मी फेकल्या. घरात एक थेंब नव्हता. माझी पोरगी मरेपर्यंत तुमच्या शब्दाला जागली, आणि तुम्ही तिला चोर म्हणता?"

गुरुजींनी शंखवाल्याला खूण केली. शंख चौरंगावर ठेवलेला होता, पण त्यानं हात घालायच्या आधी तो अनुसूयाबाईंनी उचलला आणि वाडग्यातला दगड बाहेर काढून शंखच तीर्थात बुडवला.

"माताजी! काय करता? हा अपमान आहे!"

"शंख तीर्थात घातला तर अपमान कसला? पूजेतलाच आहे. स्मिता, कॅमेरा इकडे धर."

स्मिता मांडवाच्या खांबाशी उभी होती. हर्षिता गेल्यावर तिनं चित्रण थांबवलं होतं, आणि आज 'शेवटचं एकदा' म्हणून गुरुजींच्या माणसांनी तिला बोलावून आणलं होतं. तिनं मोबाइल वर केला. मोठ्या पडद्यावर वाडगा दिसला. शंखाच्या कडेनं बुडबुडे निघत होते. खसखशीएवढे, मोहरीएवढे, मग माळा.

"हा शंख यांनी बाजारातून आणलाय," अनुसूयाबाई म्हणाल्या. त्यांना माईक नव्हता, पण एकतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय होती. "हा शेष नाही. तरी श्वास घेतोय. बघताय ना? शंख चुन्याचा असतो. चुन्यावर आंबट पडलं की हवा सुटते. यांच्या तीर्थात लिंबूसत्व आहे. म्हणून ते आंबट लागतं."

त्यांनी झारी उचलून पायरीच्या संगमरवरी फरशीवर ओतली. फरशी फसफसली. "फरशीही श्वास घेतेय. हिचीही पूजा करा."

"कॅमेरा बंद करा!" गुरुजी ओरडले. "ही बाई वेडी झालीय! दुःखानं वेडी झालीय!"

"मी बंद करणार नाही," स्मिता म्हणाली. तिनं मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

अनुसूयाबाईंनी सीलबंद बाटली पुढच्या रांगेतल्या आंबट तोंडाच्या आजोबांना दिली. "तुम्हीच फोडा. तुम्हीच ओता." आजोबांनी एका रिकाम्या परातीत पाणी ओतलं. अनुसूयाबाईंनी दगड त्यात ठेवला. सगळे पडद्याकडे पाहत होते. एक मिनिट गेलं, दोन गेली. दगड दगडासारखा पडून राहिला. वर एकही बुडबुडा आला नाही.

मात्र पाणी गढूळ झालं. दगडाच्या पाठीला कायम चंदनाचा जाड लेप थापलेला असायचा, तो भिजून सुटायला लागला होता. अनुसूयाबाईंनी दगड पालथा केला आणि अंगठ्यानं उरलेलं गंध पुसलं. पाठ सपाट होती. आरशासारखी सपाट, आणि तीवर करवतीच्या पात्याच्या बारीक, समांतर रेघा.

"असे शंख दुकानात मिळतात," त्या म्हणाल्या. "यंत्रानं मधोमध कापतात आणि अर्धा अर्धा विकतात, शोभेला ठेवायला. दहा कोटी वर्षांपूर्वी करवत नव्हती. हा ओढ्यात आला नाही. आणून ठेवला."

रघुपतीनं हात पुढं करून दगड घेतला. करवतीच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग तो लोकांकडे वळला, आणि कुणी विचारलं नसताना बोलायला लागला, एकेक गोष्ट आठवत, जणू स्वतःलाच सांगत.

"मी उचलला तेव्हा मागं माती थापलेली होती. पिवळी, चिकट. आपल्याकडची माती लाल. माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. मी पुसायला गेलो, तर यांनी माझा हात धरला. म्हणाले, शेषाच्या अंगाला ओरखडा नको." तो थांबला. "त्याच्या आदल्या आठवड्यात हे माझ्या दारात आले होते. पहाटे फिरायला कुठून जाता, रघुपतीअण्णा? मला वाटलं, प्रेमानं विचारतायत. मी सांगितलं, पुलाखालून."

रघुपतीनं गुरुजींकडे पाहिलं. "दगड कुणीही उचलून दाखवला असता. माझ्याच वाटेवर का ठेवलात?"

उत्तर त्यालाच सापडलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. गुरुजींना दगड आणणं सोपं होतं. ज्याचं बोलणं गल्ली तपासून पाहत नाही असा माणूस मिळवणं अवघड होतं. तो त्यांनी तीन दिवस गल्लीत चहा पीत शोधून काढला होता.

गुरुजी मागच्या कनातीतून बाहेर पडले. काही तरुण त्यांच्या मागं धावले, तोवर गाडी सुटली होती. मांडवात गलका झाला. काहींनी तीर्थाच्या बाटल्या तिथंच आपटल्या. काही माणसं अनुसूयाबाईंवर चिडली, कुणी म्हणालं, बाईनं शाप ओढवून घेतला. आणि एक मध्यमवयीन बाई शांतपणे पुढं आली, वाडग्यात उरलेलं तीर्थ तिनं आपल्या बाटलीत भरून घेतलं, आणि "आमच्या यांना थोडा गुण आलाय" असं पुटपुटत कुणाच्या नजरेला नजर न देता निघून गेली. अनुसूयाबाई तिच्या मागं रस्त्यापर्यंत गेल्या. ती गर्दीत दिसेनाशी झाली.

त्याच संध्याकाळी रघुपती पोलिसांकडे गेला. कर्नाटकात असल्या प्रकारांविरुद्ध कायदा आहे, हे अनुसूयाबाईंना ठाऊक होतं. अधिकाऱ्यानं लिहायला घेतलं, तेव्हा रघुपती म्हणाला, "दोन नावं लिहा. एक नागनाथाचं. दुसरं माझं. औषध मी फेकलं."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "अण्णा, तुम्ही फिर्यादी आहात."

"जे झालं ते सांगतोय. लिहा."

त्यानं लिहिलं. नागनाथ दोन महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात सापडला. तिथं त्याच्याजवळ तसाच दुसरा अर्धा दगड होता, आणि तिथल्या नदीत तो 'सापडून' पंधरा दिवस झाले होते. खटला अजून चालू आहे. तारखा पडतात.

अनुसूयाबाई आता येलहंकालाच राहतात. महिन्यातून दोन रविवारी बहीणभाऊ कुठल्यातरी शाळेत, देवळाच्या सभागृहात, अपार्टमेंटच्या हॉलमध्ये जातात. स्मिता गाडी चालवते. अनुसूयाबाई लिंबूसत्व, शंख, संगमरवराचा तुकडा आणि ओढ्यातला साधा खडा टेबलावर मांडतात आणि लोकांच्याच हातानं प्रयोग करवून घेतात. मुलं पुढं धावतात, मोठी माणसं हाताची घडी घालून बसतात. मग रघुपती उभा राहतो. त्याला भाषण येत नाही. तो फार तर पाच मिनिटं बोलतो.

परवा एका हॉलमध्ये तो म्हणाला, "मी आयुष्यात खोटं बोललो नाही. ओढ्यात दगड सापडला हे मी सांगितलं, तेही खरंच होतं. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी त्या माणसावर. कुणीच दगड उलटा करून पाहिला नाही. म्हणून सांगतो, माणूस चांगला आहे म्हणून त्याचं सगळं बोलणं खरं मानू नका. माझंही मानू नका. उलटं करून पाहा. विचारा. घरात सोडा असतो, व्हिनेगर असतं, दवाखान्यात डॉक्टर असतो. विचारल्यानं देव रागावत असेल, तर तो रागावू दे. न विचारल्यानं काय होतं, ते मी पाहिलंय."

मागच्या रांगेतून एका वयस्कर बाईनं विचारलं, "म्हणजे तुमचं म्हणणं, देव नाहीच?"

रघुपतीनं थोडा विचार केला. अनुसूयाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण मदत केली नाही.

"ते मला माहीत नाही, बाई," तो म्हणाला. "इन्सुलिन आहे, एवढं माहीत आहे. ते फ्रिजच्या दारात असतं. ज्याचं चालू आहे त्याचं बंद करू नका."

आणि तो खाली बसला.